जहाजाने येणाऱ्यांसाठी

विद्यापीठाच्या कचेरीत मी कनिष्ठ लेखनिक म्हणून रुजू झालो, तेव्हा ते विद्यापीठ माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही वयाने लहान होते. स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच काळात ते सुरू झाले. पुण्याबाहेरच्या माळावर इंग्रजांच्या वेळची एक मोठी दगडी इमारत, भोवती वडाची झाडे, आणि मागच्या अंगाला, जिथे पूर्वी साहेबाचे नोकरचाकर बसत असतील अशा एका लांबट खोलीत, आमची टेबले. माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. त्या खोलीत मला स्वतःचे टेबल, दौत आणि टाक मिळाला याचेच मला इतके अप्रूप होते, की पहिले काही महिने मी खुर्चीत पाठ टेकून बसत नसे.

आमचे अधीक्षक बोलायला कडक, पण मनाने मोठे होते. ते मला नावाने हाक मारत नसत, "अहो बी.ए." म्हणत. एके दिवशी त्यांनी बोलावले आणि पत्रांचा एक जुडगा माझ्यापुढे टाकला.

"अहो बी.ए., आफ्रिकेतून, इराणातून, मॉरिशसहून पत्रं यायला लागलीत. इथं काय शिकवतात, यायचं कसं, राहायचं कुठं. दर पत्राला वेगळं उत्तर लिहीत बसलो तर माझी पेन्शन याच टेबलावर व्हायची. एक माहितीपत्रक छापू. मसुदा तुम्ही करा."

"मी करू?"

"मग काय गव्हर्नरांना सांगू?"

मसुदा इंग्रजीत करायचा होता. मी चाकणच्या शाळेत शिकलेला. माझे इंग्रजी पुस्तकातले. शब्दकोश शेजारी ठेवून मी लिहीत गेलो. विद्यापीठाची स्थापना कशी झाली, कोणती महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत, परदेशातली कोणती परीक्षा आपल्या कोणत्या परीक्षेच्या बरोबरीची धरतात, मुंबई बंदरात उतरल्यावर पुण्याची गाडी कुठे मिळते, जेवण कसे असते, कपडे काय आणावेत. हवामानाच्या परिच्छेदात मी लिहिले होते की येथे बर्फ पडत नाही. अधीक्षकांनी तेवढे वाक्य तांबड्या शाईने खोडले. "मोंबासाच्या मुलाला बर्फाची काळजी नसते हो," म्हणाले.

बाकी मजकूर जवळजवळ तसाच राहिला. त्यांनी स्वतःची दोन वाक्ये मात्र त्यात घातली. पहिले असे, की विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती पडल्याशिवाय उमेदवाराने घर सोडून निघू नये. आदल्या वर्षी एक मुलगा काहीच न कळवता बोटीत बसून आला होता आणि त्याची परीक्षा बरोबरीची नसल्यामुळे त्याला परत जावे लागले होते. ते अधीक्षकांच्या मनाला फार लागले होते. दुसरे वाक्य असे, की मुलींच्या वसतिगृहात परदेशी विद्यार्थिनींसाठी जागा राखून ठेवल्या जातील. समुद्रापलीकडून पोर पाठवायची तर आईबापांना एवढा तरी भरवसा हवा, असे ते म्हणाले. दोन्ही वाक्ये चांगल्या मनाने लिहिलेली होती. आजही मला त्यांत काही वावगे दिसत नाही.

छापखान्यातून पत्रके आली ती सपाट, न दुमडलेली. प्रत्येकाच्या तीन घड्या घालून आत अर्जाचा एक कागद सरकवायचा होता. कचेरीत शिपाई एकच, आणि तो दिवसभर फायली घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर. मी तेव्हा चिंचवडला तिघांबरोबर एका खोलीत राहत असे आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली की सायकलने मोशीवरून, चाकणवरून महाळुंग्याला घरी जाई. अधीक्षकांना विचारून मी पत्रकांचा गठ्ठा कॅरियरला बांधला आणि घरी नेला.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, मैलकुली होते. सरकारी सडकेचा एकेक मैल एकेका माणसाकडे सांभाळायला दिलेला असे. खड्डे बुजवायचे, कडेची गटारे मोकळी ठेवायची, पडलेले झाड बाजूला करायचे. चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या सडकेचा आमच्या गावाजवळचा मैल आबांचा होता. बहीण चाकणच्या शाळेत जायची ती रोज आबांच्या मैलावरून चालत. गावातून तिकडे शिकायला जाणारी मुलगी ती एकटीच होती. आबा तिला पाहून फावडे टेकवून उभे राहत आणि ती वळणाआड गेली की पुन्हा खाली वाकत.

कागदाविषयी आबांना फार आदर होता, त्याचे कारण त्यांच्या कामात होते. त्यांना वाचता येत नव्हते, पण ओव्हरसियरचा लेखी हुकूम आल्याशिवाय त्यांनी कधी मुरमाची पाटी उचलली नाही. मागे एकदा शेजारच्या मैलावरच्या टोळीने हुकूम यायच्या आधीच खड्डे बुजवले होते. साहेब तपासणीला आले, टोळीने घातलेला मुरूम तिच्याच हातून पुन्हा उपसून काढवला आणि हुकूम आल्यावर पुन्हा भरायला लावला. ही हकीकत आबा हसत हसत सांगत, पण त्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला होता. "कागद आला की फावडं," म्हणत. एवढ्या वर्षांत त्यांच्या कामावर कधी ठपका आला नाही, याचा त्यांना अभिमान होता.

तर रविवारी आमच्या ओसरीवर धुतलेले पोते अंथरून आम्ही चौघे पत्रके दुमडायला बसलो. आबा राखेने हात घासून, धुऊन, कोरडे करून बसले. त्यांच्या अंगठ्याचे कातडे इतके जाड होते की घडी एका दाबात बसे. आई घडी घालून ती नखाने ओढी. बहीण आत अर्ज सरकवी, आणि मध्येच थांबून वाची.

"ह्ये कागद जायचं कुठं?" आईने विचारले.

"आफ्रिकेत. इराणात," मी म्हणालो.

"अन् तिथं वाचनार कोन?"

"माझ्यासारख्या पोरी," बहीण म्हणाली.

आईने हातातली घडी नखाने ओढली. मग म्हणाली, "समिंदरापार पोरगी धाडायची म्हंजी त्यांच्या आया रडत असतील बाई."

"आया रडत्यात," आबा म्हणाले. "बाप दाराभाईर जाऊन बसत असंल."

असे आमचे दोन-तीन रविवार गेले. बहिणीला ते पत्रक पाठ झाले. स्वयंपाक करताना ती त्यातली वाक्ये इंग्रजीत म्हणे आणि आई तिला म्हणे, "भाकरी करपली तुझ्या विद्यापीठात."

त्या वर्षी ती अकरावीला, म्हणजे एस.एस.सी.ला बसली होती. आमची एक सख्खी आत्या पुनावळ्याला दिलेली होती. भावाच्या मुलीला आपल्या मुलासाठी मागायचा तिचा हक्क, अशी आमच्यात चाल आहे, आणि आत्याचा मुलगा काही वाईट नव्हता. घरची शेती, स्वभावाने शांत. परीक्षा संपल्यावर आत्या आली आणि ओसरीवर बसूनच तिने विषय काढला.

"दादा, पोरगी आता मोठी झाली. माझ्याकडं कधी धाडतोस?"

"तिला कालिजात जायचं म्हनती," आबा म्हणाले.

"अगं बया. आन् कालिजात जाऊन काय करनार?"

"शिकनार. हा नाही का शिकला," आबांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"त्याचं येगळं. माझ्या घराला बी भिंती हायत, तिला काय लिवायचं ते तिथं लिवावं. मी काय खोडून टाकनार न्हाई." सगळे हसले. बहीणही हसली. पण आत्या हसता हसता गंभीर झाली. माझा पोरगा किती वर्षे थांबणार, लोक विचारतात, असे म्हणाली. शेवटी ठरले ते असे: पास होऊन पोरगी या जूनमध्ये कॉलेजात गेली तर आत्या आपली मागणी मागे घेईल आणि मुलासाठी दुसरीकडे बघेल. नाही गेली, तर तुळशीचे लग्न झाले की पहिल्या मुहूर्ताला ती पुनावळ्याला जाईल. आबांनी आत्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. त्यांना वाटत होते की आपण लेकीच्या बाजूने सौदा जिंकला. मलाही तसेच वाटले. ती नापास होणार नाही हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

निकाल लागला की मी रजा काढून तिला पुण्याला कॉलेजात घेऊन जायचे, असे आमचे ठरलेले होते. पण जूनच्या सुरुवातीला अधीक्षकांनी मला मुंबईला पाठवले. पत्रक वाचून अर्ज केलेले पहिले विद्यार्थी बोटीने येणार होते. एक मुलगी आणि एक मुलगा, दोघेही पूर्व आफ्रिकेतले. त्यांना बंदरावर उतरवून घ्यायचे आणि पुण्याच्या गाडीत बसवून आणायचे. दोन-चार दिवसांचे काम. मी घरी तसे सांगून निघालो.

पावसाळी समुद्रामुळे बोट उशिरा लागली. मुलगी उतरली, तिचे एक दूरचे नातेवाईक मुंबईत होते, त्यांच्याकडे ती राहिली. मुलाच्या पीतज्वराच्या लशीच्या दाखल्यात मात्र काही खोट निघाली आणि आरोग्य खात्याने त्याला विलग ठेवले. मी तार करून अधीक्षकांना विचारले. उत्तर आले, की त्याला सोडवून सोबत घेऊनच या, परक्या मुलखात पोराला एकटे टाकू नका. ते योग्यच होते. आज सुटेल, उद्या सुटेल म्हणून मी घरी पत्र टाकले नाही. मी रोज त्याच्यासाठी डबा घेऊन जाई आणि जाळीच्या पलीकडून त्याच्याशी बोले. तो घाबरलेला होता. मला परत पाठवतील का, हे तो दररोज विचारी. मी त्याला म्हणे, प्रवेशपत्र तुझ्या हातात आहे, काळजी करू नको.

इकडे निकाल लागला. बहीण पास झाली, चांगल्या गुणांनी. पुढे घरी काय घडले ते मला तिने आणि आईने नंतर सांगितले.

माझी एक-दोन दिवस वाट पाहून आबा अस्वस्थ झाले. कॉलेजात जागा भरतात, उशीर नको, एवढे त्यांना माहीत होते. आणि घरात अर्ज होता. घड्या घालताना एक पत्रक कडेला फाटले होते म्हणून ते मागे राहिले होते, बहिणीने ते आतल्या अर्जासकट जपून ठेवले होते. आबांनी ते घेतले आणि गावातल्या निवृत्त गुरुजींना बोलावून आणले. गुरुजी मला चौथीपर्यंत शिकवणारे. इंग्रजी त्यांना येत असे, पण फार वर्षांत कामी आले नव्हते.

बहीण म्हणाली, "आबा, ह्यो परदेशातल्या पोरांचा अर्ज हाय."

"तुझा भाऊ कुठल्या कचेरीत हाय? ह्याच ना? मंग कागद त्याच कचेरीत जानार. त्याचा साहेबच बघनार तो."

"पण आबा, वर लिहिलंय तसं."

आबांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी चष्मा पुसला, पत्रक वर-खाली वाचले आणि निर्वाळा दिला, "विद्यापीठ एक, अर्ज एक. आता स्वराज्य आहे पोरी. साहेबाच्या वेळेस देशी-परदेशी वेगळं होतं. आता तसं असणार नाही. आणि छापलेलं वाया कशाला घालवतील?"

गुरुजींपुढे ती आणखी बोलली नाही. तिचा त्यांच्यावर विश्वास होता. आम्हा सर्वांचाच होता. खरे तर कॉलेजचा प्रवेश कॉलेजात जाऊन घ्यायचा असतो, विद्यापीठात नाही, हे गावात कोणालाच माहीत नव्हते. मला ते माहीत होते, आणि मी मुंबईत होतो.

गुरुजींच्या हातून अर्ज भरून, दाखल्याची नक्कल जोडून, चाकणच्या टपालात टाकला गेला. आणि आबांनी विचारले, "आता फुडं काय करायचं, त्यात काय लिवलंय?"

बहिणीने वाचून सांगितले: प्रवेशपत्र हाती पडल्याशिवाय उमेदवाराने घर सोडून निघू नये.

"झालं तर मग," आबा म्हणाले.

आईने तिच्यासाठी दोन नवी पातळे आणवली, पत्र्याच्या ट्रंकेला शेजारच्या लोहाराकडून कडी बसवून घेतली. टपालवाला चाकणहून आमच्या गावाला यायचा तो आबांच्या मैलावरूनच. आबा त्याला लांबून पाहत आणि काम थांबवून उभे राहत. तो मान हलवून पुढे जाई. काही दिवसांनी बहीण म्हणाली, "आबा, आपण पुण्याला जाऊन बघून येऊ या का? दादाच्या कचेरीत?"

"तूच वाचलंस नव्हं? निघू नये म्हनून. आपन गेलो आन् त्यांनी म्हनलं, ह्यांना वाचता येत न्हाई काय, तर? तुझं नाव कापतील, भावाचं बी नाव खराब हुईल."

याच दिवसांत आत्या एकदा बाजाराच्या वाटेवर डोकावली. दारातूनच म्हणाली, "आलं का तुमच्या जहाजाचं पत्तुर?" आई म्हणाली, "येईल." आत्याने पाणी घेतले आणि गेली. ती चेष्टाच करत होती, पण आईने मला सांगितले की त्या रात्री बहीण जेवली नाही.

मी परत आलो तो मुलगा आणि मुलगी दोघांना सोबत घेऊन. मुलीला वसतिगृहात पोचवले, मुलाला त्याच्या कॉलेजात, आणि दुपारी कचेरीत पाऊल टाकले तर आमची खोली हसत होती. एक ज्येष्ठ सहकारी हातात अर्ज धरून मोठ्याने वाचत होते.

"बोटीत बसण्याचे बंदर: महाळुंगे. काय हो, या बंदराला बोटी लागतात कुठून? इंद्रायणीतून?"

"भारतातले पालक: वडील. हे बरं आहे. आणि आहाराविषयी विशेष सूचना?" शेजारून डोकावणाऱ्या एकाने विचारले.

"भाकरी चालते."

पुन्हा हसू उसळले. त्यांनी कोणाचा अपमान म्हणून ते केले नव्हते. रुक्ष कामात एखादी गंमत सापडावी तसे ते होते. मीही कदाचित हसलो असतो. पण मला लांबून ते अक्षर ओळखू आले. गुरुजींच्या अक्षरात मी बाराखडी गिरवली आहे.

"ती माझी बहीण आहे," मी म्हणालो.

 वाचणाऱ्या सहकाऱ्यांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि हाताने सरळ केला. तो गेल्या आठवड्यातच आला होता. परदेशी अर्ज माझ्या टेबलाचा म्हणून माझ्या ट्रेमध्ये पडून राहिला आणि आज कोणी तरी उघडला, एवढेच.

अधीक्षकांना मी सगळे सांगितले. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चला. टांगा बघा."

कॉलेज सुरू झाले होते. तरी प्राचार्यांनी त्यांचा शब्द मानला. उशिरा प्रवेशाचे कारण लिहून घेतले, गुण पाहिले आणि म्हणाले, "मुलगी हुशार आहे. परवापासून वर्गात बसवा. राहायची सोय काय?"

सोय काहीच नव्हती. महाळुंग्याहून चाकण, चाकणहून एस.टी.ने पुणे, आणि संध्याकाळी परत, असे त्या काळी होण्यासारखे नव्हते; मुलीला तर नाहीच. माझी खोली चिंचवडला, तिघा पुरुषांबरोबरची. अधीक्षकांच्या स्वतःच्या दोन खोल्यांत त्यांची आई, विधवा बहीण आणि मुले दाटीने राहत. आम्ही मुलींच्या वसतिगृहात गेलो.

तिथल्या रेक्टरबाई सकाळीच मला भेटल्या होत्या, आफ्रिकेतल्या मुलीला पोचवताना. त्यांनी आम्हांला बसायला सांगितले आणि ऐकून घेतले.

"सगळ्या कॉट भरल्या. गेल्या सोमवारपर्यंत एक होती."

"एकही नाही?" अधीक्षकांनी विचारले.

बाई थोड्या घुटमळल्या. "एक आहे. सकाळी जी मुलगी आली, तिच्या खोलीतली दुसरी. पण ती परदेशी मुलीसाठी राखीव आहे. तुमच्याच पत्रकात तसं छापलंय."

"अजून कोणाचा अर्ज आलेला नाही," मी म्हणालो.

"येईलही. तुम्हीच परदेशात पत्रकं वाटलीत ना? उद्या एखादी मुलगी तो कागद हातात घेऊन बोटीतून उतरली, तर तिला मी कुठं झोपवू? तुम्हीच सांगा, मी तसं करते."

मी अधीक्षकांकडे पाहिले. ते वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले होते.  जाळीआड उभा असलेला तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढे आला, त्याला मी काय सांगत होतो तेही आठवले. आम्ही उठलो. परतताना टांग्यात अधीक्षक एवढेच म्हणाले, "बी.ए., मी नियम केला नसता तर बरं झालं असतं का हो?" मी म्हणालो, "नाही साहेब." ते खरे होते आणि त्याने आम्हा दोघांनाही काही बरे वाटले नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकल काढली. आबा सडकेवरच होते, गटारातला गाळ काढत. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आलास? कागद आलाय व्हय?"

मी त्यांना तिथेच, बाभळीखाली बसून सांगितले. ते फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. बराच वेळ त्यांना कळेना.

"म्हंजी कागद चुकीचा हुता?"

"कागद बरोबर होता आबा. आपल्यासाठी नव्हता."

"मंग फुडल्या साली?"

"पुढच्या साली घेतील. जागा आत्तापासून सांगून ठेवता येईल. पण आत्याला तुम्ही..."

आबांनी मान खाली घातली. मी आत्याकडे जाऊन तिला समजावू शकतो, असे म्हणालो, आणि गेलोही. आत्याने मला जेवू घातले, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोरा, माझ्या पोराला दोन ठिकानं आली हुती, मी तुमच्या शब्दापायी परतवली. आता मी लोकांना काय सांगू? दादानं हातावर हात दिलाय." तिच्या जागी दुसरे कोणी असते तर हेच म्हणाले असते. आबांना मी पुन्हा काही बोललो नाही. दिलेला शब्द त्यांनी आयुष्यात मोडला नव्हता, आणि मोडला असता तर सख्ख्या बहिणीचे दार त्यांना कायमचे बंद झाले असते.

बहिणीला मी सांगितले तेव्हा ती चुलीपाशी होती. तिने ऐकले, तवा उतरवला आणि विचारले, "त्या आफ्रिकेतल्या मुलीला जागा मिळाली?"

"मिळाली."

"बरं झालं. ती लांबून आलीय."

आणि ती पुन्हा भाकरी थापू लागली. ट्रंक तशीच भरलेली होती. ती कोणी रिकामी केली नाही. मार्गशीर्षात लग्न झाले तेव्हा तीच ट्रंक, तीच पातळे घेऊन ती पुनावळ्याला गेली. आत्याने तिला कधी टोचून बोलल्याचे मी ऐकले नाही. तिचा नवराही भला माणूस. पुढे गावातल्या बायकांची पत्रे तीच वाचून दाखवी, असे कळले. मी भाऊबीजेला जाई तेव्हा ती मला कचेरीचे काही विचारत नसे आणि मीही आपणहून सांगत नसे.

वसतिगृहातली ती कॉट त्या वर्षभर रिकामी राहिली.

लग्न झाल्यावर काही दिवसांनी आबा पुण्याला आले. अधीक्षकांनी लेकीसाठी खटपट केली, त्यांना लग्नाचे लाडू द्यायचे राहिले, म्हणून धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बुंदीचे लाडू बांधून ते एकटेच एस.टी.ने आले आणि विचारत विचारत आमच्या खोलीच्या दारात उभे राहिले. पटका नीट बांधलेला, पायांवर सडकेची धूळ. मी उठलो. अधीक्षकही उठले आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे केली. आबा काही केल्या खुर्चीवर बसेनात, शेवटी टेकले तेही अगदी कडेला. अर्ज वाचून हसलेल्या सहकाऱ्यांनी स्वतः जाऊन पाणी आणले. लाडू सर्वांना वाटले. अधीक्षक म्हणाले, "मुलगी सुखात आहे ना?" आबा म्हणाले, "हाय साहेब. तुमची किरपा." अधीक्षकांनी लाडवाचा तुकडा हातातच धरून ठेवला होता.

मग आबांनी मला हळूच विचारले, "पत्रं निघतात ती हितूनच व्हय?"

मी त्यांना माझे टेबल दाखवले, टपालाचा ट्रे दाखवला. त्यांनी हात न लावता तो पाहिला. मी त्यांना इमारतीभोवती फिरवून आणले. मुलेमुली पायऱ्यांवर बसली होती. वडाखाली कोणी सायकली लावत होते, एक भाजीवाली टोपली घेऊन आतल्या वाटेने बंगल्यांकडे चालली होती. आबा थांबून थांबून पाहत होते. त्यांना एस.टी.त बसवायला म्हणून मी फाटकापर्यंत गेलो. तिथे ते वळून इमारतीकडे बघत राहिले.

"फाटकावर कुनी अडवलं न्हाई मला," ते म्हणाले.

"इथं कोणी अडवत नाही आबा."

"कागद इचारला न्हाई कुनी. मी आपला सरळ आत आलो."  मग सडकेकडे, ज्या बाजूने एस.टी. येणार होती तिकडे पाहत म्हणाले, "जहाजाचं लिवलं हुतं त्यात. मला वाटलं, लई लांबचं काम आसंल. एवढंच हुतं व्हय रं? पोरीला घिऊन चालत आलो असतो."